डब्यावर न छापलेली तारीख

आजचा विषय पाहून काहींच्या मनात आले असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा मोबाइलच्या प्रोसेसरशी काय संबंध? शंका रास्त आहे. आम्ही चिप बनवत नाही, दुरुस्तही करत नाही. पण मजकूर वाचणे, त्यात काय म्हटले आहे आणि काय म्हणायचे टाळले आहे ते शोधणे, हा आमचा जन्मभराचा उद्योग. फोनच्या डब्यावर, दुकानाच्या फलकावर, जाहिरातीत जो तक्ता छापलेला असतो, तो शेवटी मजकूरच आहे. एखाद्या ग्रंथाची समीक्षा करावी तशी आज आपण त्या तक्त्याची समीक्षा करू.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या तासाभरात कोणाला डुलकी लागली तरी नुकसान नको. प्रोसेसर निवडताना आपल्याला वाटते, आपण वेग निवडतो आहोत. प्रत्यक्षात आपण मुदत निवडत असतो. तो फोन किती वर्षे सुरक्षित राहील, किती वर्षे नव्या ऑपरेटिंग सिस्टीमला पात्र राहील, हे पुष्कळसे त्या चिपबरोबर ठरते. आणि तक्त्यात वेगाचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, मुदतीचा रकाना बहुधा नसतोच.

आधी जे छापलेले आहे ते वाचू. ‘ऑक्टा-कोअर’ म्हणजे आठ गाभे. ‘अमुक इतके गिगाहर्ट्झ’ म्हणजे गाभ्याच्या ठोक्याची गती. वाचणाऱ्याला वाटते, आठ म्हणजे चाराच्या दुप्पट. पण एक पोळी लाटायला आठ जणी आठ लाटणी घेऊन बसल्या, तर ती पोळी आठपट लवकर होते का हो? पोळ्या पुष्कळ असतील तर आठ जणींचा उपयोग. फोनची पुष्कळ कामे एका पोळीसारखी असतात. ॲप उघडणे, पान सरकवणे, कळफलक वर येणे, यांत एकेका गाभ्याची ताकद मोजावी लागते, गाभ्यांची संख्या नव्हे.

उदाहरण घ्या. २०१५ सालच्या आयफोन ६एसमधल्या ए९ या चिपमध्ये गाभे फक्त दोन, आणि रॅम दोन जीबी. त्याच सुमारास आपल्या बाजारात आठ गाभ्यांचे कितीतरी अँड्रॉइड फोन आले. त्यांतल्या अनेकांत आठही गाभे कॉर्टेक्स-ए५३ या लहान, वीज वाचवणाऱ्या जातीचे होते. दोन विरुद्ध आठ, असा तक्ता. पण एकेका गाभ्याच्या कामात तो दोनवाला या आठवाल्यांच्या फार पुढे होता. आणि त्या दोनवाल्याला आयओएस ९ पासून आयओएस १५ पर्यंत सात आवृत्त्या मिळाल्या. त्याच्या बरोबरीच्या आठवाल्यांपैकी बहुतेकांना एक किंवा दोन मिळाल्या, काहींना एकही नाही. म्हणजे संख्या खोटी नव्हती. ती ज्या प्रश्नाचे उत्तर होती, तो प्रश्न आपला नव्हता.

गिगाहर्ट्झचेही तसेच. तो आकडा सर्वोच्च गतीचा असतो. ती गती किती वेळ टिकते, हे तक्ता सांगत नाही. फोनला सहसा पंखा नसतो. चिप तापली की सिस्टीम तिची गती स्वतःच कमी करते. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८१० ही चिप २०१५ साली तिच्या तापण्यामुळेच गाजली. सॅमसंगने त्या वर्षीच्या गॅलेक्सी एस६ मध्ये ती न घेता स्वतःची एक्झिनॉस ७४२० वापरली. कागदावर दोन्ही आठ गाभ्यांच्या. हातात घेतल्यावर फरक. शिवाय कोणते काम मोठ्या गाभ्याला द्यायचे, कोणते लहान गाभ्यावर भागवायचे, हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टीम घेते, आणि तो चांगला घ्यायचा तर तिला त्या विशिष्ट चिपचा स्वभाव माहीत असावा लागतो. म्हणजे ‘वेग’ ही एकट्या चिपची मालमत्ता नाही. चिप आणि सिस्टीम यांच्या संसारातून तो निपजतो.

आता या संसाराकडे नीट बघू, कारण खरी गोम इथेच आहे.

आपल्या परंपरेत कारणांचा विचार करताना घड्याचे उदाहरण देतात. माती हे उपादान कारण, कुंभार हे निमित्त कारण. माती नसेल तर घडा नाही, आणि कुंभार नसेल तरीही नाही. डब्यावरचा तक्ता फक्त मातीचे वर्णन करतो. चिप अमुक, रॅम तमुक. कुंभाराबद्दल अवाक्षर नाही. बरं, घडा एकदा भाजून झाला की कुंभार घरी गेला तरी चालते. घड्याला त्याची गरज उरत नाही. फोनचे तसे नाही. फोनला कुंभार जन्मभर लागतो. रोज नव्या त्रुटी सापडतात, रोज नवे चोर नवी किल्ली बनवतात, दरवर्षी नवी आवृत्ती येते. कुंभार उठून गेला, की फोन दिसायला तसाच राहतो, पण हळूहळू निकामी होऊ लागतो.

हा कुंभार कोण? अनेकांना वाटते, ज्या कंपनीचे नाव फोनच्या पाठीवर आहे ती. अँड्रॉइडच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. गूगल नवी आवृत्ती तयार करते आणि तिचा मूळ संकेत खुला करते. पण ती आवृत्ती थेट तुमच्या फोनवर चालत नाही. चिपमधला चित्रे रेखाटणारा भाग, मोडेम, कॅमेऱ्याच्या प्रतिमेवर काम करणारा भाग, या प्रत्येकाशी बोलायला ‘ड्रायव्हर’ नावाचा सॉफ्टवेअरचा तुकडा लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा समजा. एका बाजूला सिस्टीमची भाषा, दुसऱ्या बाजूला चिपची. हे दुभाषे पुरवते चिप बनवणारी कंपनी, म्हणजे क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग, युनिसॉक वगैरे. त्यातले बरेच दुभाषे कुलूपबंद असतात, त्यांचा मूळ संकेत कोणाला दाखवला जात नाही. सिस्टीमची भाषा बदलली आणि चिप कंपनीने नवा दुभाषा दिला नाही, तर फोन कंपनी कितीही सज्जन असली तरी तिचे हात बांधले जातात.

सुरक्षेचेही हेच. गूगल दर महिन्याला अँड्रॉइडचे सुरक्षा पत्रक काढते. त्यात क्वालकॉमचे भाग, मीडियाटेकचे भाग अशी वेगळी प्रकरणे असतात. २०२० साली चेक पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनी क्वालकॉमच्या चिपमधल्या एका भागात चारशेहून अधिक कच्चे दुवे दाखवून दिले. ते बुजवणे फोन कंपनीच्या एकटीच्या हातात नव्हते. मलम आधी क्वालकॉमने बनवायचे, मग फोन कंपन्यांनी लावायचे. चिप कंपनीने ज्या चिपकडे पाठ फिरवली, तिच्यासाठी मलमच बनत नाही.

आता दोन खटले पाहू.

पहिला, गॅलेक्सी नेक्सस. २०११ च्या अखेरीस आलेला हा गूगलचा स्वतःचा मानाचा फोन. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप जातीची चिप होती. २०१२ साली त्या कंपनीने स्मार्टफोनच्या चिपच्या धंद्यातून अंग काढून घेतले. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ आले, तेव्हा गूगलने जाहीर केले की या फोनला ते मिळणार नाही, कारण अठरा महिन्यांची मुदत उलटली. फोन जेमतेम दोन वर्षांचा. सांगितलेले कारण मुदतीचे. जाणकारांनी बोट दाखवले ते चिपकडे, की दुभाषा पुरवणाराच गाव सोडून गेला आहे.

दुसरा, नेक्सस ५. २०१३ चा. चिप स्नॅपड्रॅगन ८००, त्या काळातली अव्वल दर्जाची. २०१६ साली अँड्रॉइड ७ आले, ते याला मिळाले नाही. त्याच कुळातली ८०१ ही चिप असलेला सोनीचा एक्स्पीरिया झेड३ तर अँड्रॉइड ७ च्या चाचणी आवृत्तीत सामील होता. त्यावर ती आवृत्ती चालत होती, लोक वापरत होते. अंतिम आवृत्तीच्या वेळी तो गळला. कारण चित्ररेखाटनाविषयीच्या नव्या अटी त्या चिपच्या ड्रायव्हरने पुऱ्या होत नव्हत्या, आणि नवा ड्रायव्हर आला नाही.

या दोन्ही खटल्यांत एक साक्ष आमच्या मते फार मोलाची आहे. हे फोन अधिकृत वाटेने बंद झाल्यावर हौशी, विनामूल्य काम करणाऱ्या मंडळींनी त्यांवर पुढची आवृत्ती चालवून दाखवली. गॅलेक्सी नेक्ससवर ४.४ चालले, नेक्सस ५ वर ७ चालले. जुने दुभाषे ठाकून-ठोकून कामाला लावले, कुठे काही बिघडे, गूगलचे प्रमाणपत्र नव्हते, हे सगळे मान्य. पण ‘होऊ शकत नाही’ आणि ‘कोणी करणार नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले वस्तूच्या स्वभावाबद्दल आहे, दुसरे माणसांच्या निर्णयाबद्दल. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हा फरक शिकवत असू. बाजार मात्र आपल्याला दुसरे विधान पहिल्याच्या वेषात विकतो. ‘तुमचा फोन आता जुना झाला’ हे वाक्य ऐकायला ‘पान पिकले’ असे वाटते. ते पिकलेले नसते, देठापासून खुडलेले असते.

यावर कोणी म्हणेल, मग हा केवळ फोन कंपनीचा लोभ झाला, चिपला कशाला मध्ये आणता? या आक्षेपाला उत्तर द्यायला नेदरलँड्समधली फेअरफोन ही लहानशी कंपनी उपयोगी पडते. टिकाऊ फोन बनवणे हेच तिचे ब्रीद, म्हणजे लोभाचा संशय कमी. तिचा फेअरफोन २ हा २०१५ चा, त्यात स्नॅपड्रॅगन ८०१. चिपकंपनीची साथ अँड्रॉइड ६ च्या पुढे नव्हती. तरी या मंडळींनी स्वतःच्या बळावर ७, मग ९, मग १० अशा आवृत्त्या दिल्या, आणि २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षे, तो फोन सांभाळला. पण किती उशिरा आणि किती कष्टाने! अँड्रॉइड ९ त्यांच्या ग्राहकाला मिळाले ते २०२१ मध्ये, मूळ आवृत्तीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी.

यातून त्यांनी काय धडा घेतला ते बघा. २०२३ च्या फेअरफोन ५ साठी त्यांनी नेहमीची मोबाइलची चिप घेतलीच नाही. क्वालकॉमची क्यूसीएम६४९० ही औद्योगिक उपकरणांसाठीची चिप घेतली. ती सर्वांत वेगवान नव्हती. पण कारखान्यातली यंत्रे दर दोन वर्षांनी कोणी बदलत नाही, म्हणून अशा चिपना चिप कंपनी दीर्घ साथ देते. त्या जोरावर फेअरफोनने आठ वर्षांच्या सुरक्षा अपडेटचे वचन दिले. आमच्या साऱ्या व्याख्यानाचा गाभा या एका निवडीत आहे. ज्याला फोन टिकवायचा होता, त्याने गिगाहर्ट्झ पाहिले नाहीत, तारीख पाहिली.

इथे आणखी एक गैरसमज दूर करू, की दीर्घ आयुष्य महाग चिपलाच परवडते. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइड वन ही योजना सुरू केली ती आपल्याकडे, भारतात. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे फोन, सुमारे ६,४०० रुपये किंमत, आत मीडियाटेकची साधी चार गाभ्यांची चिप. पण तिघांची आतली रचना एकच ठरवलेली, आणि अपडेटची जबाबदारी गूगलकडे. या स्वस्त फोनना ५.१ मिळाले, ६ ही मिळाले. त्याच चिपचे, त्याच काळातले इतर कितीतरी फोन जन्माला आले त्याच आवृत्तीत वारले. माती तीच, कुंभाराशी करार वेगळा.

ॲपलचे काय, असे तुम्ही विचाराल. तिथे माती आणि कुंभार एकाच घरचे. स्वतःची चिप, स्वतःचे दुभाषे, स्वतःची सिस्टीम. म्हणून २०१३ च्या आयफोन ५एसला नव्या आवृत्त्या २०१८ च्या आयओएस १२ पर्यंत मिळाल्या, आणि सुरक्षेची डागडुजी २०२३ च्या जानेवारीतही मिळाली. त्या आयओएस १२ मध्ये ॲपलने जुन्या फोनांचा वेग वाढवण्यावर भर दिला होता. आयफोन ६ प्लसवर ॲप ४० टक्क्यांपर्यंत लवकर उघडतील असा त्यांचा दावा होता. दाव्यातले थोडे सोडून द्या, तरी एक गोष्ट उरते. नवी सिस्टीम म्हणजे जुनी चिप मंदावणारच, हा निसर्गनियम नाही. मनावर घेतले तर उलटही करता येते.

पण एका घरचे कारभारी म्हणून भोळा विश्वास टाकू नये. याच कंपनीने २०१७ साली एका अपडेटमधून जुन्या बॅटरीच्या फोनांची गती गुपचूप कमी केली, आणि बोभाटा झाल्यावर डिसेंबरमध्ये कबूल केले. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून केले, असे त्यांचे म्हणणे. हेतू एकवेळ मान्य करू, न सांगण्याचे काय? फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला तो ग्राहकाला न सांगितल्याबद्दल. सगळी सूत्रे एका हातात असली की आयुष्य वाढवण्याची सत्ता त्या हातात येते, आणि श्वास कोंडण्याचीही. शिवाय काही दोष चिपमध्येच कोरलेले असतात. २०१९ मध्ये आयफोन ४एस ते आयफोन १० पर्यंतच्या चिपच्या अगदी मुळाशी, न पुसता येणाऱ्या भागात एक त्रुटी सापडली. ती कोणत्याही अपडेटने भरून निघत नाही. कुंभार कितीही चांगला असो, मातीतला खडा तो काढू शकत नाही.

आता गेल्या काही वर्षांत काय बदलले ते सांगितले नाही तर आम्ही एकांगी ठरू. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने ‘ट्रेबल’ नावाची फेररचना आणली. सिस्टीमचा वरचा भाग आणि चिपकडचा खालचा भाग यांच्यामध्ये एक ठराविक सीमा आखली, म्हणजे वरचे बदलले तरी खालचे दुभाषे तेच चालावेत. गंमत अशी, की त्याने फोन कंपन्यांचे ओझे हलके झाले, पण चिप कंपन्यांचे वाढले. कारण एकाच चिपच्या जुन्या-नव्या अनेक जोड्या त्यांना सांभाळाव्या लागल्या. तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये गूगल आणि क्वालकॉमने नवी व्यवस्था जाहीर केली, तीन नव्या आवृत्त्या आणि चार वर्षांची सुरक्षा. २०२१ मध्ये गूगलने पिक्सेल ६ साठी टेन्सर ही स्वतःच्या नावाची चिप आणली. २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचे वचन. जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ मालिकेलाही सात वर्षे. या मालिकेत आपल्याकडच्या अल्ट्राला स्नॅपड्रॅगन, बाकी दोघांना एक्झिनॉस. चिप दोन, वचन एकच.

श्रोतेहो, या प्रगतीचे आम्ही स्वागत करतो. पण समीक्षकाने इथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. अठरा महिने हीच तांत्रिक मर्यादा असे दहा वर्षांपूर्वी आपल्याला सांगितले जात होते. आज सात वर्षे होतात. सिलिकॉनचा स्वभाव बदलला का? नाही. करार बदलले. म्हणजे मर्यादा आधीही करारातच होती. जी गोष्ट कराराने येते, ती मागता येते. जी स्वभावाने येते, तिच्यापुढे हात जोडावे लागतात. आपण इतकी वर्षे एका कराराला हात जोडत बसलो.

आणि हा करार आधी कोणासाठी बदलला? पाऊण लाख, लाख रुपये मोजणाऱ्यासाठी. दहा-बारा हजारांचा फोन घेणाऱ्याला अजूनही बहुधा चिप कंपनीच्या अल्प मुदतीतच राहावे लागते. तोच माणूस फोन जास्तीत जास्त वर्षे वापरतो, तो मुलाला देतो, मुलगा आजीला देतो. आज फोन ही चैन राहिलेली नाही. भाजीवाल्याचे पैसे फोनवर येतात, बँकेचा ओटीपी फोनवर येतो. आमच्यासारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना २०२१ पासून हयातीचा दाखलाही चेहरा दाखवून फोनवरून देता येतो. आणि ॲप जुन्या आवृत्त्यांना एकेक करून दार बंद करतात. व्हॉट्सॲपने २०२५ च्या आरंभी अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनांची साथ सोडली. माणूस हयात आहे, पण त्याच्या फोनची मुदत संपली म्हणून दाखला देता येत नाही, ही वेळ कोणावर आणायची का?

युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियम लागू केला, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट विनामूल्य मिळावेत. त्याच्या शब्दरचनेत ‘अपडेट देत असाल तर’ अशी अट आहे. या ‘तर’ मधून हत्ती निघून जाऊ शकतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको. तरी दिशा बरोबर आहे.

आमची मागणी त्याहून साधी आहे. आपल्याकडे डब्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. औषधाच्या पट्टीवर मुदतीची तारीख असते. फोनच्या डब्यावरही एक ओळ असावी, ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत’. वर्षांची संख्या नको, तारीख हवी. कारण ‘चार वर्षे’ बहुतेकदा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत घेतले, तर अर्धी मुदत दुकानातच सरलेली असते.

तोपर्यंत दुकानात गेल्यावर गाभे मोजू नका. तीन प्रश्न विचारा. ही चिप कोणत्या सालची आहे? या फोनला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? आणि हे कंपनीने कुठे लिहून दिले आहे? दुकानदार कदाचित गोंधळेल. त्याला तक्त्यात उत्तर सापडणार नाही. पण रोज दहा गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न विचारला, तर ती ओळ तक्त्यात यायला वेळ लागणार नाही. तक्ता आजवर आपण जे विचारत आलो, त्याचीच उत्तरे देत आला आहे.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.